हिगिन्सला सोडू नका, असं मी तेव्हाही म्हणत होते

“ज्याची मांडी दर दोन महिन्यांनी धरते, त्याले कोण ठेवते? तूच सांग डॉक्टर, तुझाच धंदा आहे हा.”

29 डिसेंबर 2024, रविवार, सकाळचे साडेसात. कस्तुरचंद पार्कजवळ तर्रीपोह्याच्या गाडीपाशी आम्ही तिघं उभे होतो: मी, माझा भाचा आणि आमच्या खालच्या मजल्यावरचे सर. सर शाळेत पीटी शिकवायचे. तीस वर्षं कबड्डीची पोरं घडवली, आता निवृत्त आहेत. थंडी अशी होती की तर्रीची वाफ चष्म्यावर बसत होती. तासाभरापूर्वी तिकडे अमेरिकन फुटबॉलमध्ये टी हिगिन्सनं ओव्हरटाइममध्ये, म्हणजे जादा वेळेत, आपला तिसरा टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन मिळणारे गुण) करून आमच्या लाडक्या सिनसिनाटी बेंगॉल्सना डेन्व्हर ब्रॉन्कोजविरुद्ध 30-24 असा विजय मिळवून दिला होता. आणि सर म्हणत होते, याला जाऊ द्या.

माझा घास हातातच राहिला. हिगिन्सचा करार त्या हंगामाबरोबर संपत होता. घरच्या मैदानावरचा हा शेवटचा सामना. पुढच्या वर्षी तो याच रंगात दिसेल की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दादा त्या वेळी तिथे स्टेडियममध्ये होता. त्यानं एवढंच लिहून पाठवलं, “अख्खं मैदान उभं आहे. कुणी घरी जायला तयार नाही.”

नागपुरात राहून मी या संघासाठी पहाटे तीनला का उठते, ते सांगते. दादा बरीच वर्षं सिनसिनाटीजवळ राहतो. 2021 च्या डिसेंबरात वहिनीच्या बाळंतपणासाठी आई आणि मी तिकडे गेलो. बघावं तिकडे वाघाचे पट्टे! दुकानांच्या काचांवर, मोटारींवर, लहान मुलांच्या टोप्यांवर, सगळीकडे काळे-केशरी पट्टे. ज्या गावातून लोक ताडोबाला, पेंचला निघतात, ज्याला वाघांची राजधानी म्हणतात, तिथून आलेल्या बाईला हे आपलंच वाटणार ना! 15 जानेवारी 2022 ला बेंगॉल्सनी रेडर्सना 26-19 हरवलं. प्लेऑफमधला तो 31 वर्षांनंतरचा पहिला विजय. शेजारचे आजोबा बिनस्वेटरचे अंगणात येऊन उभे राहिले, त्यांचे डोळे भरून आले होते. मांडीवर दादाची दीड आठवड्याची लेक, समोर टीव्ही. त्या रात्री मी या संघाची झाले. सोबत नियम शिकले, नावं शिकले, आणि परत येताना हा रोग भाच्यासाठीही घेऊन आले. सरांना तो भाच्याकडून लागला.

आता वाइड रिसीव्हर म्हणजे काय, ते सरांच्याच भाषेत सांगते, कारण मला ते त्यांनीच नीट समजावलं. रिसीव्हर पार कडेला उभा राहतो. क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, हातात चेंडू आला की हा सुसाट सुटतो, ठरलेल्या जागी झटक्यात वळतो आणि चेंडू त्याच्या हातात यायला हवा. त्याला धरायला समोर एक कॉर्नरबॅक असतो. त्याच्या मागे, खोलवर, सेफ्टी नावाचे बचावपटू असतात. सर म्हणतात, “चढाईवाला एकच असला तर सातही जण त्याच्याचकडे पाहतात. डावा कोपरा, उजवा कोपरा, मधली साखळी, सगळ्यांचे डोळे त्याच्या पायावर. पण दुसरा तेवढाच तयारीचा बाकावर बसला असला ना, तर पकड करणारे आधीच विचारात पडतात.” फुटबॉलमध्ये दुसरा बाकावर नसतो, दुसऱ्या कडेला उभा असतो. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे. सेफ्टीला चेंडू सुटायच्या आधी ठरवावं लागतं की आपण कुणाकडे झुकायचं.

बेंगॉल्सचा पहिला नंबरचा रिसीव्हर जमार चेस. 2024 च्या हंगामात त्यानं 127 झेल घेतले, 1,708 यार्ड काढले, 17 टचडाउन केले, आणि तिन्ही बाबतींत तो अख्ख्या लीगमध्ये पहिला आला. म्हणून लोक म्हणायचे की चेस असताना हिगिन्सवर एवढा पैसा कशाला? माझं म्हणणं नेमकं उलट होतं. चेस असा खेळतो म्हणूनच हिगिन्स हवा. चेसवर दोघं धावून जातात तेव्हा पलीकडे एकट्या कॉर्नरबॅकसमोर सहा फूट चार इंचांचा माणूस उभा असतो. तो तिथे उभा आहे, एवढ्यानंच सेफ्टीचं पाऊल अडखळतं.

त्या पहाटेचा शेवटचा झेल मी नंतर किती वेळा पाहिला, मोजला नाही. त्याआधीचा खेळ जीव काढणारा होता. डेन्व्हरनं शेवटचे आठ सेकंद उरले असताना बरोबरी साधली. ओव्हरटाइममध्ये आपली किक खांबाला लागली. भाचा उशी तोंडावर घेऊन बसला. सर साडेचारलाच उठतात, ते केव्हाचे वर येऊन खुर्चीवर ताठ बसले होते. मग बचावानं चेंडू परत मिळवून दिला, आणि शेवटी अगदी रेषेजवळून आपला क्वार्टरबॅक जो बरो यानं चेंडू सोडला. हिगिन्सचे हात आधी पुढे आले नाहीत. मी भाच्याला थांबवून थांबवून हेच दाखवते. वाईट रिसीव्हर हात आधी उचलतो आणि समोरच्याला सांगून टाकतो की चेंडू आला. हिगिन्स शेवटच्या क्षणापर्यंत हात अंगाशी ठेवतो. बोटं उघडली तेव्हा चेंडू त्यात होता. 11 झेल, 131 यार्ड, 3 टचडाउन. आणि तासाभरानं पोह्याच्या गाडीवर सर विचारतात, “त्याले कोण ठेवते?”

तर मांडी.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. प्रतापनगरात माझं छोटंसं क्लिनिक आहे, आणि वर्षातले निम्मे दिवस माझ्या टेबलावर पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं पालथी झोपलेली असतात. 1600 मीटर, 100 मीटर, गोळाफेक. 100 मीटरमध्ये मांडीचा मागचा स्नायू जातो. पळताना पाय पुढे फेकला जातो आणि टाच टेकायच्या अगदी आधी हा स्नायू लांबतही असतो आणि ब्रेकही लावत असतो. दोन्ही कामं एकदम. तिथेच तो फाटतो. पोरं सांगतात, “मॅडम, मागून कोणी दगड मारल्यासारखं झालं.”

काटोलकडून एक मुलगा यायचा, 21 वर्षांचा. पहिल्यांदा आला तेव्हा दुखापत मध्यम होती, मी सात-आठ आठवडे सांगितले. त्याच्या अकॅडमीतल्या प्रशिक्षकानं तिसऱ्याच आठवड्यात त्याला पूर्ण वेगात पळवलं. परत आला तेव्हा मी अंगठ्यानं चाचपून पाहिलं. त्याच जागी, बोटभर लांबीचा भाग दोरीसारखा कडक झाला होता आणि त्याच्या खालीच पोकळ लागत होतं. दाबलं तेव्हा तो ओरडला नाही. उशीत तोंड खुपसून म्हणाला, “मॅडम, या वर्षी वय निघून जाते माझं.” त्याची ही अवस्था मांडीनं केली नाही, घाईनं केली. हे मला त्या प्रशिक्षकाला तोंडावर सांगायचं होतं. तो फोन उचलत नाही.

म्हणून कुणी खेळाडूला “ठिसूळ” म्हटलं की मला राग येतो. आधी विचारा, कुठला स्नायू, किती दिवसांनी, परत आल्यावर काय झालं. हिगिन्सचं 2024 चं कागदपत्र घ्या. हंगामाच्या सुरुवातीला मागचा स्नायू, दोन सामने हुकले. ऑक्टोबरमध्ये मांडीचा पुढचा स्नायू, तीन सामने हुकले. मागचा आणि पुढचा! तीच जखम पुन्हा उघडलेली नाही. आणि नोव्हेंबरात परतल्यावर तो सलग सात सामने खेळला, हंगाम संपेपर्यंत. 2023 मध्येही तो 17 पैकी 12 च सामने खेळला होता, हेही खरं. दोन वर्षं पाच-पाच सामने बाहेर. हे मी लपवणार नाही, आणि करार करताना संघानं ते मोजलंच पाहिजे. पण माझ्याकडे असा पेशंट आला तर मी त्याला खेळ सोडायला सांगणार नाही. वर्षभर, हंगाम नसतानाही, स्नायू लांबत असताना ताकद लावण्याचे व्यायाम कर म्हणून सांगेन, आणि त्याच्या वेगाच्या धावा आठवड्याला मोजेन. सरांना मी हे सगळं त्या सकाळी उभ्यानंच सांगितलं. ते म्हणाले, “बरं. म्हणजे दुखापत नाही, देखभाल.” एवढं मान्य केलं.

भाच्याकडे मात्र दुसरं अस्त्र होतं. तो इंजिनिअरिंगला आहे, आकडे त्याच्या बोटांवर असतात. “मावशी, 7 नोव्हेंबरचा बाल्टिमोरचा सामना. हिगिन्स नव्हता. चेसनं 264 यार्ड काढले, तीन टचडाउन. मग दुसऱ्याची गरजच काय?”

हा प्रश्न चांगला आहे, आणि मला त्यावर दोन दिवस विचार करावा लागला. तो सामना आपण 35-34 असा हरलो. शेवटी टचडाउन करून एका गुणानं मागे होतो, तेव्हा बरोबरीच्या किकऐवजी संघ दोन गुणांसाठी गेला. जागा किती? अवघे दोन यार्ड. तिथे धावायला मैदान नसतं, वेग कामाला येत नाही. उंची, हात आणि गर्दीत चेंडू ओढून घेण्याची हिंमत लागते. चेसवर सगळ्यांची नजर होती, बरोनं चेंडू टाइट एंड या जागेवरच्या खेळाडूकडे टाकला आणि तो खाली पडला. तिथे फाऊल द्यायला हवा होता असं आजही दादा म्हणतो. असेल. पण तीच जागा हिगिन्सची होती. सात आठवड्यांनी डेन्व्हरविरुद्ध त्याच जागी काय झालं ते आपण पाहिलंच. मग मी भाच्याला म्हटलं, चेसचे यार्ड सोड, निकाल मोज. 2024 मध्ये हिगिन्स असताना 12 पैकी 8 जिंकले. नसताना 5 पैकी 1. भाच्यानं स्वतः कागदावर मांडून पाहिलं. पाचच सामने आहेत, एवढ्यावरून सिद्धांत होत नाही, असं तो म्हणाला, आणि ते मला पटलं. पण त्यानं तो कागद फाडला नाही.

याच सुमारास आमच्या गावातच ठेवण्या-सोडण्याचा दुसरा प्रश्न उभा राहिला आणि तो फार आतून लागला.

रणजी 2024-25 ची फायनल जामठ्याला होती, विदर्भ विरुद्ध केरळ. पाचव्या दिवशी, 2 मार्चला रविवार होता, क्लिनिक बंद. आम्ही तिघं गेलो. समोर केरळकडून गोलंदाजी करत होता आदित्य सरवटे. आपला सरवटे! 2018-19 ची फायनल याच मैदानावर झाली तेव्हा त्यानं सौराष्ट्राचे 11 बळी घेतले होते, पुजाराला एका डावात 1 वर आणि दुसऱ्यात शून्यावर काढलं होतं. आणि आता तो पाहुणा खेळाडू म्हणून केरळकडे होता. पहिल्या डावात त्यानं 79 धावाही केल्या. दुसरीकडे आपल्याकडून खेळत होता करुण नायर, कर्नाटकातून आलेला. पहिल्या डावात 86, दुसऱ्यात 135. आणि करुण बाद कसा झाला? सरवटेच्या चेंडूवर यष्टिचित. बाहेरून आपल्याकडे आलेल्याला आपल्याकडून बाहेर गेलेल्यानं काढलं. माझ्या शेजारी सर उभे राहून टाळ्या वाजवत होते. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

सामना अनिर्णित राहिला, पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर विदर्भ तिसऱ्यांदा रणजी विजेता ठरला. हर्ष दुबेनं त्या हंगामात 69 बळी घेतले, एका रणजी मोसमातला तो विक्रम आहे. म्हणजे सरवटे गेला तरी डावखुरा फिरकीपटू आपल्याकडे तयार होताच. सरांनी घरी येताना गाडीत हेच ऐकवलं: “पाह्यलं? एक गेला, घरचा दुसरा उभा राह्यला. पैसे नाही लागले.” मी गप्प बसले, कारण मुद्दा खरा होता. पण रात्री मला उत्तर सापडलं. हर्ष दुबे आपल्याकडे आधीपासून होता, त्याला घडवून ठेवला होता. बेंगॉल्सकडे हिगिन्सच्या जागी असा कोण होता? कोणीच नाही. घरचा दुसरा तयार असेल तर माणूस सोडा. तयार नसताना सोडलात, तर रिकामी जागा भरता भरता चार वर्षं जातात. पुढच्याच मोसमात करुणही कर्नाटकात परतला. त्याचं मला वाईट वाटलं, पण राग नाही आला. तो त्याच्या घरी गेला.

फायनलनंतर दोनच आठवड्यांत बातमी आली. चेसला चार वर्षांचे 16.1 कोटी डॉलर आणि हिगिन्सला चार वर्षांचे 11.5 कोटी डॉलर. रुपयांत हिगिन्सचे हजार कोटींच्या आसपास. याआधी 2024 मध्ये संघानं त्याला फ्रॅंचायझी टॅग लावून एका वर्षासाठी अडकवून ठेवलं होतं. टॅग म्हणजे तू बाजारात जायचं नाहीस, आम्ही एका वर्षाचे ठरलेले पैसे देतो, पुढचं पुढे बघू. खेळाडूच्या दृष्टीनं ही टांगती तलवार आहे. त्याच वर्षी गंभीर दुखापत झाली तर पुढचा मोठा करार गेला. हिगिन्सच्या जागी मी असते तर फार चिडले असते. त्यानं आधी दुसऱ्या संघात पाठवा अशी मागणी केली होती, पण शेवटी टॅगवर सही करून खेळला. आणि बरो जाहीरपणे, पुन्हा पुन्हा सांगत राहिला की याला ठेवा. क्वार्टरबॅक स्वतः एखाद्याचं नाव घेऊन सांगतो, तेव्हा त्याचं वजन आपल्या सगळ्यांच्या आकड्यांपेक्षा जास्त धरायला हवं. चेंडू तो फेकतो.

मी पेढे आणले. सरांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, “आता बचावाले काय उरलं?”

इथे सर बरोबर होते, आणि हे मी मनापासून लिहिते. 2025 चा हंगाम आम्ही तिघांनी दात ओठ खात काढला. दुसऱ्याच सामन्यात बरोच्या पायाच्या अंगठ्याला दुखापत झाली. त्याला टर्फ टो म्हणतात, अंगठा मागे इतका मुडपतो की खालच्या बाजूचं आवरण आणि अस्थिबंध फाटतात. ऐकायला अंगठा, पण तो बरोच्या डाव्या पायाचा, आणि उजव्या हातानं फेकताना सगळं वजन त्याच पुढच्या पायावर येतं. शस्त्रक्रिया झाली, तो थेट नोव्हेंबरअखेर थॅंक्सगिव्हिंगच्या सणाला परतला. मधल्या काळात जो फ्लॅको हा क्वार्टरबॅक आला आणि चेस-हिगिन्सच्या जिवावर त्यानं गुणांचा पाऊस पाडला. तरी जेट्सकडून 39-38, बेअर्सकडून 47-42 अशी हार. 42 गुण करून हरायचं! शेवटी 6 विजय, 11 पराभव. सलग तिसऱ्या वर्षी प्लेऑफबाहेर.

सर हे आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहून ठेवतात. हा वाद जुना आहे, आम्ही या खेळाच्या नादी लागण्याआधीचा. 2021 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पाचव्या क्रमांकावर बेंगॉल्सनी चेसला घेतलं तेव्हा निम्मे चाहते म्हणत होते की पेनेई सूएल हा लाइनमन घ्या, बरोला वाचवणारा कोणीतरी हवा. सूएल सातव्या क्रमांकावर डेट्रॉइटला गेला आणि उत्तम खेळतो आहे. त्याच मोसमात टेनेसीविरुद्धच्या प्लेऑफमध्ये बरो नऊ वेळा पाडला गेला, सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या फायनलमध्ये, सात वेळा. तो सुपर बोल आपण 23-20 असा हरलो. हिगिन्सनं त्यात दोन टचडाउन केले होते, 100 यार्ड. सर म्हणतात, “पोरगं जमिनीवर पडलं असलं तर चेंडू कोणाले देणार?” खरं आहे. तरीही मी म्हणते, लाइन आणि बचाव ड्राफ्टमधून घडवायला हवा होता. ती चूक वर्षानुवर्षं निवड करणाऱ्यांची आहे, ती हिगिन्सच्या करारावर लादू नका. ज्या संघानं चांगले बचावपटू निवडलेच नाहीत, त्यानं हिगिन्सचे पैसे वाचवून कुणाला घेतलं असतं?

मागच्या रविवारी सरांनी मला गच्चीवर बोलावलं. फरशीवर खडूनं पट काढला होता, कबड्डीच्या मैदानासारखा नीट आखलेला. दोन कडांना दोन गोल, मध्ये बरोला वाचवणाऱ्या लाइनचे पाच गोल, मागे एक सेफ्टी. “हा आता कोणाकडे जाईल, सांग.” मी म्हटलं, चेसकडे गेला तर हिगिन्स मोकळा, हिगिन्सकडे गेला तर चेस. त्यांनी मान डोलावली. मग गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले आणि मधले पाच गोल ओल्या फडक्यानं पुसून टाकले. “अन् आता?”

मी खडू घेतला आणि पाचही गोल परत काढले. मग चेस आणि त्यांच्या मधल्या जागेत आणखी एक काढला. तिसरा रिसीव्हर टायलर बॉइड आठ वर्षं खेळून 2024 मध्ये टेनेसीला गेला, तेव्हापासून ती मधली जागा मला नीट भरलेली दिसत नाही. आंद्रेई आयोसिवस आहे, प्रिन्स्टन विद्यापीठाचा, हेप्टॅथलॉन (सात मैदानी प्रकारांची स्पर्धा) खेळलेला, त्याची धाव मला फार आवडते. पण मधल्या जागेत गर्दीत वळावं लागतं, आणि तो उघड्या मैदानात पळणारा गडी आहे असं माझं मत आहे. सरांना तोच हवा आहे. भाच्यानं फरशीचा फोटो काढून दादाला पाठवला. तिकडे रात्रीचे साडेअकरा झाले असतील. दादाचं लगेच उत्तर आलं, “तिसरा गोल कोणाचा?” आणि आम्ही तिघंही एकदम टाइप करायला लागलो.